हिरवी चिठ्ठी, निळी चिठ्ठी

मृगाचा पाऊस पडायच्या आधी जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक छोटी परीक्षा होते. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरण्याजोगं. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर बदलायचं.

या परीक्षेची गरज का पडते? कारण दाण्याकडे बघून तो उगवेल की नाही हे सांगता येत नाही. विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. म्हणूनच १९६६ च्या बियाणे कायद्यानं पिशवीवर चिठ्ठी लावायला लावली: वाण कोणता, उगवणक्षमता किती, शुद्धता किती, तपासणी कधी झाली. या चिठ्ठ्यांतही दोन जाती आहेत. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. महाराष्ट्रात ती अकोल्याची राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा देते, म्हणजे विकणाऱ्याशिवाय आणखी कुणीतरी शेतात जाऊन, प्रयोगशाळेत तपासून हा माल पाहिलेला असतो. दुसरी हिरवी चिठ्ठी, ‘ट्रुथफुल’ बियाण्याची. तिच्यावरचा मजकूर कंपनीचा, जबाबदारीही कंपनीची. तो खोटा निघाला तर कायदा आहेच, पण पिशवी विकली जाण्याआधी प्रमाणीकरण यंत्रणेनं ती पाहिलेली नसते.

कंपन्या स्वतःबद्दल जगाला काय सांगतात, हा विषय शेअर बाजारवाल्यांचा आणि सीए मंडळींचा मानला जातो. पण त्याचं मर्म या दोन चिठ्ठ्यांत आहे, आणि ते जालन्यात जितकं नीट समजतं तितकं क्वचितच कुठे समजेल.

बाजारात जायचं तर सांगावं लागतं

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि खटारा गाडी यांतला फरक कळत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. हळूहळू बाजारात खटाराच उरतो. याच लेखात त्यांनी भारतातल्या खेड्यांतल्या सावकारीचंही उदाहरण घेतलं होतं. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बियाण्याचा बाजार चिठ्ठीवाचून असाच बसला असता. शेअरचा बाजार तर बसायला वेळच लागणार नाही, कारण तिथे दाणाही हातात येत नाही. हातात येतो तो फक्त शब्द.

म्हणून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीवर बोलण्याची सक्ती असते. भारतात ती सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१५ च्या नियमावलीत एकत्र बांधली आहे. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत निकाल, वर्ष संपल्यावर ६० दिवसांत लेखापरीक्षण झालेले वार्षिक निकाल, तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर कुणाकडे किती याचा तक्ता. भावावर परिणाम करू शकणारी मोठी घटना घडली तर ती काही तासांत कळवायची. बाजार चालू असताना संचालक मंडळाची बैठक संपली तर तिथले महत्त्वाचे निर्णय अर्ध्या तासात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक यांवर सनदी लेखापालाची सही असते. ही झाली निळी चिठ्ठी.

पण नोंदलेल्या सगळ्या कंपन्या एका मापाच्या नाहीत. मुंबई शेअर बाजारातच पाच हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. लहान कंपन्यांसाठी २०१२ पासून एसएमई मंच आहेत. तिथल्या कंपन्यांना निकाल तिमाहीऐवजी सहामाहीनं देण्याची सवलत मिळाली. जमाखर्च मांडण्याचे जे नवे, आंतरराष्ट्रीय धर्तीचे नियम २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाले, त्यांतूनही या मंचावरच्या कंपन्यांना मोकळीक आहे. म्हणजे दोन कंपन्यांच्या नफ्याचे आकडे शेजारी ठेवताना ते एकाच मापानं मोजलेत का, हे आधी विचारायला हवं. अडत्याच्या काट्यावरचं वजन आणि घरच्या मापट्याचं माप यांची तुलना थेट करता येत नाही, तसंच हे.

आणि निळी चिठ्ठी म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हे देशानं ७ जानेवारी २००९ रोजी पाहिलं. सत्यम कंप्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी त्या दिवशी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. त्या ताळेबंदांवर नामांकित लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. कंपनीला चांगल्या कारभाराबद्दल काही महिन्यांपूर्वीच पुरस्कारही मिळालेला होता. चिठ्ठी असली तरी गोणपाटावर दाणे टाकून पाहायचे असतात ते यासाठी.

पैशापलीकडचा हिशेब

कंपनीचा नफा कळला म्हणजे कंपनी कळली का? तिनं पाणी किती उपसलं, किती धूर सोडला, कामगारांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती, अपघातात किती जखमी झाले, बायकांना पुरुषांइतका पगार मिळतो का? या प्रश्नांची उत्तरं ताळेबंदात नसतात. खरं तर आज ना उद्या ती ताळेबंदात उतरतातच: विहिरी आटल्या की कारखाना बंद ठेवावा लागतो, मोठा अपघात झाला की भरपाई द्यावी लागते. पण तोवर उशीर झालेला असतो.

पैशापलीकडची माहिती पैशाहून किती मोलाची असू शकते, याचं उदाहरण मराठवाड्याच्या कपाशीत आहे. मोन्सॅन्टो कंपनीनं मार्च २०१० मध्ये जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली आहे. कंपनीच्या त्या वर्षाच्या नफ्याच्या आकड्यानं इथल्या शेतकऱ्याचं काही बदलणार नव्हतं. या एका वाक्यानं बदलू शकत होतं. पुढे २०१७ च्या हंगामात त्याच अळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीची बोंडं पोखरली, तेव्हा वेळेवर कळणं आणि कळलेलं बांधापर्यंत पोचणं यांची किंमत सगळ्यांना दिसली.

भारतात या हिशेबाची सुरुवात ऐच्छिक होती. काही कंपन्यांनी तो आपणहून मांडला. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनं आपल्या वार्षिक अहवालात कायद्यानं मागितलं नव्हतं तेही छापायला सुरुवात केली. आपल्या माणसांचं आणि आपल्या नावाचं मोल किती, याचा अंदाजही ती मांडत असे. परदेशी ग्राहक आणि गुंतवणूकदार मिळवायचे तर विश्वास आधी मिळवायला हवा, हे त्यामागचं गणित होतं. सरकारनं २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेबीनं २०१२ मध्ये बाजारमूल्यानं पहिल्या १०० कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल सक्तीचा केला, मग तो ५०० पर्यंत आणि पुढे १,००० पर्यंत नेला. मे २०२१ मध्ये त्याची जागा नव्या, आकड्यांवर भर देणाऱ्या नमुन्यानं घेतली. त्याचं नाव बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल. २०२२-२३ पासून पहिल्या हजार कंपन्यांना तो बंधनकारक आहे.

हा नमुना नऊ तत्त्वांवर उभा आहे: सचोटी, सुरक्षित माल, कामगारांचं हित, सर्व संबंधितांची दखल, मानवी हक्क, पर्यावरण, सरकारी धोरणांबाबतची वागणूक, सर्वांना सामावणारी वाढ आणि ग्राहक. प्रत्येक तत्त्वाखाली प्रश्न दोन प्रकारचे आहेत. काही आवश्यक, म्हणजे उत्तर द्यावंच लागतं. काही नेतृत्वदर्शक, म्हणजे वाटलं तर द्यायचं.

कंपन्यांमधला खरा फरक इथे उघडा पडतो. नफा सगळ्यांनाच सांगावा लागतो. पाणी आणि माणसं यांच्याबद्दल मात्र एक कंपनी पानंच्या पानं भरते, दुसरी जेवढ्यास तेवढं उत्तर देते, तिसरी ‘लागू नाही’ लिहून पुढे जाते. आणि यादीत हजाराच्या खाली असलेल्या कंपनीला हा अहवाल द्यावाच लागत नाही. दिलेलं उत्तरही बराच काळ हिरव्या चिठ्ठीचं होतं, म्हणजे कंपनीचा शब्द हाच पुरावा. २०२३ मध्ये सेबीनं त्यातले मोजके कळीचे आकडे वेगळे काढले आणि ते त्रयस्थाकडून तपासून घेण्याचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक ठरवलं. सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून. हिरव्या चिठ्ठीला निळा रंग चढायला सुरुवात झाली आहे, पण तो अजून फार थोड्या पिशव्यांवर चढला आहे.

जालन्याचा आकडा कुठे आहे?

‘जालना, सोने का पालना’ असं इथली जुनी माणसं म्हणतात. आजच्या पाळण्याला दोन दोऱ्या आहेत: बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांचा व्यवसाय देशभर नेला. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी इमारतींच्या पोटात जालन्याची सळई आहे. त्यांच्या जोडीला अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, आणि १९६५ साली फ्रेंच भागीदारीत सुरू झालेल्या एनआरबी बेअरिंग्ज या नोंदणीकृत कंपनीचा कारखानाही जालन्यात आहे.

एकाच जिल्ह्यातल्या या उद्योगांची बोलण्याची सक्ती मात्र वेगवेगळी आहे. एनआरबी बाजारात नोंदलेली, म्हणून तिचे तिमाही निकाल कुणीही घरबसल्या वाचू शकतो. महिको नोंदलेली नाही. मोन्सॅन्टोनं १९९८ मध्ये महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला तेव्हा अमेरिकी कंपनी आपल्या भागधारकांना तिमाहीगणिक हिशेब देत होती. जालन्याच्या कंपनीवर तशी सक्ती नव्हती. यात गैर काही नाही, कायदाच तसा आहे: ज्यानं लोकांकडून भांडवल घेतलं त्यानं लोकांना सांगायचं. सळईचे बहुतेक कारखानेही असेच घरच्या मालकीचे.

आता जालन्याच्या माणसाच्या जागेवरून पाहू. हा जिल्हा कमी पावसाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा इथल्या पोरांनी पाहिल्या आहेत. शहराचं पाणी दूर पैठणच्या जायकवाडीहून येतं. या माणसाला एखाद्या कारखान्याबद्दल पहिला प्रश्न पडणार तो पाण्याचा. बीआरएसआर तो विचारतो का? विचारतो. एकूण पाणी किती घेतलं, नदीचं किती, भूजल किती, टँकरचं किती, हे आवश्यक प्रश्नांत आहे. पण ते संपूर्ण कंपनीचं मिळून. चार राज्यांत कारखाने असलेली कंपनी चारही ठिकाणची बेरीज देते, आणि त्या बेरजेत जालना विरघळून जातो. टंचाईच्या भागातल्या प्रत्येक कारखान्यानं किती पाणी घेतलं, हा प्रश्नही नमुन्यात आहे, पण तो नेतृत्वदर्शक प्रश्नांत. म्हणजे जालन्यासाठी जो सगळ्यात कळीचा, तोच ऐच्छिक!

आणखी एक गोष्ट मनाला लागते. २०२१ च्या नमुन्यात एक प्रश्न असा होता की कच्चा माल किती टक्के त्याच जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून घेतला. २०२३ च्या सुधारणेत तिथे ‘भारतातून’ असं आलं. त्याच वेळी खेडी, निमशहरं, शहरं आणि महानगरं यांत पगाराचा किती वाटा जातो हा चांगला प्रश्न जोडला गेला, हेही खरं. पण ‘जिल्हा’ हा शब्द त्या ओळीतून गेला. अहवाल कोण वाचणार हे ठरवूनच प्रश्न काढले जातात. मुंबईच्या गुंतवणूकदाराला जिल्हा लागत नाही. जिल्ह्यात राहणाऱ्याला लागतो.

कोण किती बोलतं यामागची कारणंही यातूनच उलगडतात. मोठी कंपनी जास्त सांगते, कारण तिच्यावर जास्त डोळे असतात आणि अहवाल बनवणारा विभाग तिला परवडतो. वाळूजला १९८५ पासून कारखाना चालवणारी बजाज ऑटो आणि एसएमई मंचावरची नवी कंपनी यांच्याकडून सारख्या जाडीच्या अहवालाची अपेक्षा करता येत नाही. बाहेरचं भांडवल हवं असेल तो जास्त सांगतो. प्रवर्तक कुटुंबाकडे कायद्यानं चालणारे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत शेअर असतील, तर घरच्या माणसांना अहवाल वाचायची गरज पडत नाही आणि बाहेरच्यांचा आवाज क्षीण राहतो. माल परदेशी जात असेल तर गिऱ्हाईकच विचारतं: युरोपात लोखंड-पोलाद आयात करणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ते बनवताना किती कार्बन सुटला याची नोंद द्यावी लागते. काही माहिती स्पर्धकाला मिळेल या भीतीनंही दडवली जाते. आणि वाईट बातमी सांगायला कुणालाच आवडत नाही. म्हणून ज्या अहवालात सगळंच चांगलं आहे, तो दोनदा वाचावा.

न नोंदलेल्यांचंही काही उघड असतं

कंपनी बाजारात नाही म्हणजे तिच्याबद्दल काहीच कळत नाही, असं मात्र नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीलाही ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दर वर्षी द्यावा लागतो, आणि थोडं शुल्क भरून तो कुणालाही संकेतस्थळावर पाहता येतो. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडली, तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चून तिचा अहवाल द्यावा लागतो. इथे नोंदलेली आणि न नोंदलेली हा भेद नाही.

त्याहून महत्त्वाचा कागद फार थोड्यांना माहीत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला, मग तो नोंदलेला असो वा घरचा, दर वर्षी ‘फॉर्म पाच’मध्ये पर्यावरण विवरणपत्र मंडळाला द्यावं लागतं. त्यात पाण्याचा वापर, कच्च्या मालाचा वापर, बाहेर सोडलेलं प्रदूषण आणि घातक कचरा यांची माहिती असते. आणि ही माहिती त्या एका कारखान्याची असते, कंपनीची बेरीज नसते. बीआरएसआरमध्ये न सापडणारा जालन्याचा आकडा इथे असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो मागता येतो. व्यापारी गुपिताचं कारण पुढे केलं गेलं तरी व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे.

सहकारी कारखान्याचा सभासद तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप किती झालं, साखर उतारा किती पडला, ऊसदर काय दिला आणि कर्ज किती, हे एकाच पुस्तिकेत असतं. पैशाचं आणि पैशापलीकडचं असा भेद तिथे कुणी केला नव्हता, कारण वाचणारा स्वतः ऊस घालणारा होता. उतारा पाव टक्क्यानं घसरला तरी सभेत हात वर होतो. ज्याचं पोट त्या आकड्यावर आहे तो वाचक असला की अहवाल जिवंत राहतो.

वाचायचं कसं

जाडजूड वार्षिक अहवाल हातात आला तर पहिली रंगीत पानं सोडून द्यावीत आणि चार ठिकाणी थांबावं. पहिलं, लेखापरीक्षकाचा अहवाल: त्यानं कुठे अट घातली आहे, कशाकडे लक्ष वेधलं आहे. दुसरं, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार: प्रवर्तकांच्या घरच्याच दुसऱ्या कंपन्यांकडे पैसा जातो का. तिसरं, संभाव्य देणी: कोर्टात अडकलेले कर आणि दावे. चौथं, रोख प्रवाह: नफा वर्षानुवर्षं दिसतो पण रोकड येत नाही, तर प्रश्न विचारायला जागा आहे. मग बीआरएसआरकडे वळावं. कायम आणि कंत्राटी कामगारांचे आकडे शेजारी ठेवावेत. अपघातांचं प्रमाण मागच्या वर्षाशी ताडून पाहावं. पाण्याच्या तक्त्यात भूजलाची ओळ शोधावी. कुठले प्रश्न रिकामे सोडलेत ते मोजावं, कारण न सांगणं हेही एक उत्तर असतं.

मार्चअखेर वर्ष संपवणाऱ्या कंपनीनं वार्षिक सर्वसाधारण सभा घेण्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. सहकारी संस्थेच्या सभेची मुदतही तीच. प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म पाच देण्याची मुदतही तीच. त्या दिवसांत जालन्याच्या शेतात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. मे महिन्यात गोणपाटावर मोजलेल्या दाण्यांचा खरेपणा तेव्हा खळ्यात कळतो. पिशवीवरच्या चिठ्ठीचा हिशेब मागणारा हा शेतकरी त्याच हक्कानं गावाशेजारच्या कारखान्यालाही विचारू शकतो: वर्षभरात पाणी किती घेतलं, आणि कुठून?